स्टेरॉइडला न जुमानणाऱ्या पेशी: या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी

विषय असा: दम्यात काही रुग्णांच्या पेशी स्टेरॉइडला दाद देत नाहीत, त्यालाच रेझिस्टन्स म्हणतात. टीएच-२ (अ‍ॅलर्जीची सूज चालवणाऱ्या टी-पेशी), इओसिनोफिल (त्या सुजेत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी), ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर (पेशीत स्टेरॉइड जिथे बसतं ते प्रथिन) हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. फक्त रिव्ह्यू पेपरमधली बाणांची आकृती पाठ करून कामाला लागू नका. त्यातला एकेक बाण कुणाच्या तरी पेशी वाढवायच्या एका डिशमधला, एकाच डोसचा असतो. आकृतीत आला की सगळ्यांना सारखीच शाई मिळते. आयएल-१७ (पेशींमधला निरोप नेणारं एक प्रथिन) कडून रेझिस्टन्सकडे जाणारा बाण घ्या. उंदरांमध्ये टीएच-१७ पेशी (आयएल-१७ तयार करणाऱ्या टी-पेशी) सोडल्या तर होणारी सूज डेक्सामेथासोन (पुढे नुसतं डेक्सा) या स्टेरॉइडला दाद देत नाही, हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. पण आयएल-१७ चा रिसेप्टर अडवणारं ब्रोडालुमॅब दम्याच्या रुग्णांना देऊन पाहिलं, तेव्हा २०१३ च्या चाचणीत एकूण गटाला फायदा दिसला नाही.

आता मुख्य सापळा. मी यात बरेच महिने घालवलेत, त्यामुळे लांबण लागेल.

तुम्ही डेक्सा टाकण्याआधी त्या पेशींना स्टेरॉइड लागलेलं होतं का? हा प्रश्न प्रत्येक प्रयोगाआधी विचारा. गंभीर दम्याच्या रुग्णाच्या थुंकीत न्यूट्रोफिल (दुसऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) भरपूर दिसतात आणि आपण लगेच लिहून मोकळे होतो: न्यूट्रोफिलिक, म्हणून रेझिस्टंट. पण हा रुग्ण आधीच स्टेरॉइडच्या मोठ्या डोसवर असतो. स्टेरॉइडमुळे इओसिनोफिल लवकर मरतात आणि न्यूट्रोफिलचं मरण उलट लांबतं. म्हणजे जे उरलं ते औषधानेच उरवलेलं असू शकतं. ते आजाराचं कारण आहे की उपचाराची खूण, हे एका नमुन्यावरून सांगताच येत नाही. रक्ताचंही तेच. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची गोळी घेतल्यावर काही तासांत रक्तातले न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल घटतात. म्हणून गोळी किती वाजता घेतली आणि रक्त किती वाजता काढलं, दोन्ही वेळा लिहून घ्या. गोळी न घेणाऱ्या कंट्रोलचंही (तुलनेसाठी घेतलेल्या माणसाचंही) कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, सकाळी चढलेलं असतं, हे विसरू नका.

डिशमध्येही हेच, आणि तिथे ते दिसतसुद्धा नाही. श्वासनलिकेच्या एपिथेलियल (आतल्या अस्तराच्या) पेशींसाठी मिळणाऱ्या बऱ्याच तयार मीडियात, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड घातलेलं असतं. लेबलवर ते सप्लिमेंटच्या यादीत बारीक अक्षरात असतं आणि ती यादी कुणी वाचत नाही. सिरममध्येही थोडे स्टेरॉइड हार्मोन असतात, त्यासाठी चारकोल-स्ट्रिप्ड (कोळशाने हार्मोन काढून टाकलेलं) सिरम मिळतं. अशा मीडियातल्या पेशींवर वरून डेक्सा टाकलं की फरक कमी दिसतो आणि आपण खुशाल "रेझिस्टन्स" म्हणतो.

तपासायचा सोपा मार्ग आहे. काहीही न टाकलेल्या वेलमध्ये (डिशमधल्या खाचेत) एफकेबीपी-५ आणि गिल्झ ही जनुकं मोजा. स्टेरॉइड लागलं की दोन्ही वाढतात. ती आधीच चढलेली असतील तर पुढचा प्रयोग करूच नका, मीडिया बदला.

सिनियर म्हणतील, "एक मायक्रोमोलर डेक्सा टाक, सगळे तेच टाकतात." टाकू नका. रेझिस्टन्स बहुतेक वेळा पूर्ण नसतो, डोसचा आलेख उजवीकडे सरकलेला असतो, म्हणजे तेवढ्याच परिणामाला जास्त डोस लागतो. एवढ्या मोठ्या डोसला तो सरकलेपणा झाकला जातो. पूर्ण आलेख काढा. डेक्सा ज्यात विरघळवलं त्या इथेनॉलचा किंवा डीएमएसओचा कंट्रोलही ठेवा. माझं मत विचाराल तर, आठवड्याला नवी आकृती मागणाऱ्या गाईडपेक्षा तुमची मीडियाची बाटली उचलून लेबल वाचणारा टेक्निशियन जास्त उपयोगाचा.

सुरुवातीची निकालपत्रं कोरी आली म्हणून घाबरू नका. इओसिनोफिलवर रोख धरणारं मेपोलिझुमॅब हे औषधही २००७ च्या चाचणीत फसल्यासारखं वाटलं होतं. २००९ मध्ये थुंकीत इओसिनोफिल टिकून असलेले रुग्ण निवडले आणि तेच औषध चाललं. पेशी चुकीची नव्हती, गट चुकीचा होता. आयएलसी-२ (टीएच-२ सारखंच काम करणाऱ्या जन्मजात प्रतिकारपेशी) कडेही बघा: टीएसएलपी (श्वासनलिकेच्या अस्तरातून सुटणारं निरोपाचं प्रथिन) मिळालं की या पेशी स्टॅट-५ (पेशीच्या आत तो निरोप नेणारं प्रथिन) च्या मार्गाने स्टेरॉइडला दाद देईनाशा होतात. माझ्या मते नवख्याने टीएच-१७ पेक्षा इथून सुरुवात करावी. पेशी फार कमी मिळतात, ही रडकथा मात्र खरी आहे.

शेवटचं क्लिनिकबद्दल. रेझिस्टंट म्हणून पाठवलेल्यांपैकी बरेच जण इनहेलर नीट ओढत नसतात किंवा गोळ्याच घेत नसतात. त्यांच्या पेशी अगदी साध्या, स्टेरॉइडला दाद देणाऱ्या असतात. डॉक्टरांकडे रक्तातलं प्रेडनिसोलोन आणि कॉर्टिसॉल यांचे आकडे मागा. गोळी घेतली असेल तर पहिलं सापडतं, आणि नियमित घेत असेल तर दुसरं दबलेलं असतं. हे दोन आकडे नसतील तर नमुना जरूर घ्या, पण "रेझिस्टंट" गटात टाकू नका.