कुत्र्याचा स्वेटर विणताय? या चुका टाळा, आणि आधी पोटाकडून बघा

कुत्र्याच्या स्वेटरचा फोटो नेहमी वरून किंवा बाजूने काढलेला असतो. त्यामुळे विणणाऱ्याचं सगळं लक्ष पाठीवर जातं: कुठली वीण, कुठले रंग, केबल (पिळाची नक्षी) घालायची की नाही. पण स्वेटर बिघडतो तो खालच्या बाजूला, काखेत, दोन पुढच्या पायांच्या मधे आणि पोटावर. पाठ साधी सुलट असली तरी चालते. खालची बाजू चुकली, तर कुत्रा दोन पावलं टाकून पुतळ्यासारखा उभा राहतो आणि घरचे म्हणतात, "त्याला स्वेटर आवडत नाही."

मापं

जातीवरून किंवा वजनावरून माप धरणं ही पहिली चूक. सारख्याच वजनाचे पग आणि डॅशहुंड शेजारी उभे करा. एकाची छाती पिंपासारखी आणि पाठ आखूड, दुसऱ्याची पाठ लांबलचक आणि पाय बुटके. ग्रेहाउंडची छाती खोल, कंबर बारीक आणि डोकं मानेपेक्षाही निमुळतं. "मध्यम" हा साइझ या तिघांपैकी कुणालाच धड बसणार नाही.

कुत्रा चारही पायांवर सरळ उभा असताना मापं घ्या. बसलेल्या कुत्र्याची पाठ आणि छाती दोन्ही वेगळीच भरतात. पट्टा जिथे टेकतो तिथला मानेचा घेर, पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा सर्वांत मोठा घेर आणि पट्ट्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत पाठीची लांबी ही तीन मापं बहुतेक जण घेतात. राहून जातात ती खालची. दोन पुढच्या पायांमधलं अंतर, गळ्याच्या खालून त्या पायांपर्यंतचं अंतर, पायाचा वरचा घेर, आणि पुढच्या पायांपासून पोटावर कुठपर्यंत कापड चालेल ते अंतर. नर कुत्र्याच्या बाबतीत हे शेवटचं माप सोडलं, तर स्वेटर पहिल्याच फेरीत ओला होऊन घरी येतो. नरासाठी पोटाकडची बाजू लघवीच्या जागेच्या बरीच आधी संपली पाहिजे. मादीसाठी ती थोडी लांब चालते.

छातीच्या मापात लहान कुत्र्यासाठी २ ते ३ सेंटीमीटर, मोठ्यासाठी ५ सेंटीमीटरपर्यंत सैलपणा धरा. दाट केसांच्या कुत्र्याचं माप घेताना टेप केसांत रुतेल इतका आवळू नका.

टाक्यांचा हिशोब आणि सुयांचे नंबर

टाके मोजण्यासाठी आधी नमुन्याचा छोटा तुकडा विणायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. "छोटासा तर स्वेटर आहे" हे त्याचं समर्थन. आता हिशोब बघा. छाती ५० सेंटीमीटर, सैलपणा ४, म्हणजे ५४ सेंटीमीटर हवेत. १० सेंटीमीटरात २० टाके धरून तुम्ही १०८ टाके ठेवले. पण तुमचा हात घट्ट आहे आणि प्रत्यक्षात १० सेंटीमीटरात २२ टाके बसतायत. मग स्वेटर भरेल ४९ सेंटीमीटर, म्हणजे छातीपेक्षाही कमी. दहा सेंटीमीटरमागे दोनच टाक्यांचा फरक! तुकडा विणा, धुवा, वाळवा आणि मगच मोजा. मशीनमध्ये धुता येणारी लोकर धुतल्यावर बऱ्याचदा सैल पडते, म्हणून धुण्याआधीचं माप फसवं असतं.

सुयांच्या नंबरांमध्ये आणखी एक खड्डा आहे. जुन्या ब्रिटिश मापात नंबर वाढला की सुई बारीक होते आणि अमेरिकन मापात नंबर वाढला की जाड. ब्रिटिश ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, अमेरिकन ८ म्हणजे ५ मिलिमीटर. १० नंबरला तर कहरच: एकीकडे ३.२५, दुसरीकडे ६. पॅटर्न कुठूनही घेतलेला असो, त्यात मिलिमीटर शोधा आणि नंबर विसरा.

पायांची भोकं

सगळ्यात जास्त उसवाउसवी इथेच होते. माणसाच्या स्वेटरला बाह्या दोन्ही बाजूंना असतात. कुत्र्याचे पुढचे पाय छातीच्या खालून निघतात. बाजूला भोकं ठेवली की पाय बाहेरच्या बाजूला ओढले जातात आणि काखेत कापड गोळा होतं. दोन भोकांमधली पट्टी ही पायांमधल्या अंतराइतकीच हवी, आणि लहान कुत्र्यांमध्ये ती आश्चर्य वाटेल इतकी अरुंद असते.

नुसती उभी चीर ठेवणं हीसुद्धा नेहमीची चूक. चिरेच्या टोकाला कापड काखेत रुततं. भोकाच्या सुरुवातीला २ सेंटीमीटरभर टाके बंद करा, मग पाठ आणि पोटाची पट्टी वेगवेगळी विणत जा आणि पुढे जोडताना तेवढेच टाके पुन्हा घाला. पायाचा घेर १६ सेंटीमीटर असेल, तर २ सेंटीमीटर रुंद आणि ८ सेंटीमीटर उंच भोक म्हणजे एकूण २० सेंटीमीटरचा घेर मिळतो. काठाला रिब (सुलट-उलट टाक्यांची ताणली जाणारी वीण) घालणार असाल तर थोडं आणखी मोठं ठेवा, कारण रिब आत ओढून घेते.

तयार स्वेटर घातल्यावर कुत्रा चालताना बघा, त्यातून दोष कळतो. पाऊल आखूड पडतंय आणि चालताना गळा खाली ओढला जातोय? गळा ते पाय हे खालचं अंतर कमी पडलंय. छातीपुढे कापड लोंबतंय? तेच अंतर जास्त झालंय. पाय सारखा भोकातून आत जातोय? पट्टी रुंद किंवा भोक मोठं. आणि स्वेटर फिरून एका कुशीवर जात असेल, तर आधी दोन्ही भोकं सारखी आहेत का ते मोजा. ती सारखी असतील तर छाती सैल आहे का बघा, आणि एकपदरी पीळदार लोकर वापरली आहे का तेही. अशा लोकरीचं सुलट विणकाम स्वतःहूनच तिरकं जातं.

गळ्याकडून शेपटीकडे विणत गेलात तर हे सगळं अर्ध्यात घालून तपासता येतं. शेपटीकडून गळ्याकडे विणलेला स्वेटर पूर्ण झाल्याशिवाय काही सांगत नाही. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या स्वेटरला तरी गळ्यापासूनच सुरुवात करा.

गळा आणि काठ

गळ्याचे टाके घट्ट घातले तर डोकं जात नाही, आणि गेलं तरी कान अडकल्यावर कुत्रा पुन्हा स्वेटरच्या वाऱ्याला उभा राहत नाही. टाके घालताना आणि बंद करताना नेहमीच्या सुईपेक्षा १ मिलिमीटरने जास्त जाड सुई घ्या. रिब किमान ३ ते ४ सेंटीमीटर ठेवा. शेपटीकडचा काठ वर गुंडाळला जातो तो सुलट विणकामाच्या स्वभावामुळे. इस्त्री करून तो बसत नाही, आणि अॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवली तर धागा कायमचा मरतो. काठाला रिब किंवा दोन्ही बाजूंनी सुलट वीण घाला.

हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) स्वेटरच्या आत घालत असाल तर पाठीवर त्याच्या कडीसाठी आडवी चीर लागते. काजासारखंच करायचं: ४-५ टाके बंद, पुढच्या ओळीत तेवढेच परत. जागा अंदाजाने ठरवू नका, हार्नेस घालूनच मोजा.

नटवण्याचा मोह

बटणं, गोंडे, मणी कुत्रा चावून तोडतो आणि गिळतो. वेल्क्रो केसांना आणि लोकरीलाही धरतं. दोन रंगांच्या नक्षीत आतून लांब मोकळे धागे सोडले की त्यात नखं अडकतात, म्हणून दर तीन-चार टाक्यांनी धागा गुंतवून घ्या. धाग्यांची टोकं नीट आत विणून टाका. कुत्र्याने लोकर गिळली आणि तोंडातून किंवा मागून धागा लोंबताना दिसला, तर तो ओढू नका. आतडं कापलं जाऊ शकतं. थेट पशुवैद्याकडे जा.

खरबरीत लोकर काखेत घासते. लांब केसांच्या कुत्र्यांना काखेत आणि कानामागे गुंता होतो, म्हणून स्वेटर रोज काढून केस विंचरा. ओला झालेला स्वेटर लगेच उतरवा. स्वेटर घातलेल्या कुत्र्याला एकटं सोडू नका. हस्कीसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्यांना स्वेटर मुळात लागतच नाही. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो, त्यामुळे स्वेटरमध्ये धाप लागली की तो काढायचा. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या बाबतीत तर जास्तच सावध राहा.

विणून झालाय, आता काय?

छातीत घट्ट झाला असेल तर पूर्ण उसवू नका. पोटाची शिवण उसवा आणि मधे रिबची एक उभी पट्टी विणून जोडा. ती खाली असल्यामुळे दिसत नाही आणि ताणली जाते, त्यामुळे मूळ स्वेटरपेक्षाही बरी बसते. पोटाकडची बाजू लांब झाली असेल, तर हव्या त्या ओळीत एक टाका कापा, ती ओळ एकेक टाका सोडवत काढा, गळ्याकडचे मोकळे टाके सुईवर घ्या, ३ सेंटीमीटर रिब विणा आणि सैल हाताने बंद करा. पाठ आखूड पडली असेल तर शेपटीकडच्या काठाचे टाके उचलून पुढे विणा, शेपटीच्या बुडाच्या थोडं अलीकडे थांबा. आणि भोकंच चुकीच्या जागी असतील तर मात्र जोडकाम करत बसू नका, तिथपर्यंत सरळ उसवा.