डेनालीत व्हीलचेअर घेऊन तंबूत राहायचं तर

अलास्कातल्या डेनाली राष्ट्रीय उद्यानात व्हीलचेअर कुठवर जाते, हे बहुतेक जण आधी विचारतात. त्याचं उत्तर सोपं आहे. मुक्काम फसतो तो रात्री: खाट खुर्चीपेक्षा बुटकी निघते, तंबूच्या उंबऱ्यात पुढची चाकं अडतात, पहाटे चार अंशांत लघवीला उठायचं असतं. म्हणून तयारी तिथून सुरू करा आणि सगळी मापं घरीच घ्या.

कधी आणि कुठे

शक्यतो ऑगस्टचा दुसरा पंधरवडा धरा. जूनमध्ये रात्र अशी होतच नाही, पण डास इतके असतात की दोन्ही हात चाकांवर असताना त्यांना हाकलायचं कुणी, हा प्रश्न पडतो. ऑगस्टअखेर डास बरेच ओसरतात आणि टुंड्रा, म्हणजे झाडं नसलेलं गवत-झुडपांचं माळरान, लाल व्हायला लागतो. बदल्यात रात्री पारा शून्याजवळ जाऊ शकतो. बर्फ तर इथे उन्हाळ्यातही पडू शकतो.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी प्रवेशद्वाराजवळचं रायली क्रीक निवडावं. उन्हाळ्यात तिथे फ्लशचे संडास असतात आणि जवळच्या दुकानात अंघोळीची व कपडे धुण्याची सोय असते. तंबूच्या जागेवर वीज मात्र मिळत नाही. आरक्षण करताना व्हीलचेअरसाठी राखलेली जागाच मागा आणि तीन गोष्टी विचारून घ्या: जमीन दाबलेल्या खडीची आहे की सुट्या, जागा संडासापासून किती लांब आहे, आणि त्या वाटेवर चढ किती आहे. सुट्या खडीत पुढची लहान चाकं रुततात.

अलास्कातल्या अँकरेज शहरापासून डेनाली साधारण 380 किलोमीटर. उन्हाळ्यात अलास्का रेलरोडची गाडी सात-आठ तासांत पोचवते. खुर्ची चढवायला लिफ्ट असते, पण तिकीट काढतानाच सांगावं लागतं. रॅम्पची भाड्याची गाडी हवी असेल तर काही महिने आधी ठरवा, अशा गाड्या थोड्याच असतात.

उद्यानात एकच रस्ता आहे, 92 मैलांचा. खासगी गाडी सॅव्हेज नदीपर्यंत, म्हणजे 15 व्या मैलापर्यंत जाते आणि तेवढा रस्ता डांबरी आहे. पुढे बस. लिफ्ट असलेली बस आरक्षणातच मागून ठेवा. ऑगस्ट 2021 मध्ये प्रिटी रॉक्सची दरड सरकून 45 व्या मैलाजवळ रस्ता बंद झाला आणि बसगाड्या 43 व्या मैलावरून परतू लागल्या. निघण्याआधी रस्त्याची ताजी स्थिती उद्यानाकडे विचारा.

खाट आणि तंबू

आधी खुर्चीचं माप घ्या. कुशनवर बसा, म्हणजे ते दबेल, आणि जमिनीपासून कुशनच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. बहुतेकांचं 48 ते 52 सेंटिमीटर भरतं. कॅम्पिंगच्या खाटा बऱ्याचदा 30 ते 45 च्या असतात. खाली सरकणं सोपं जातं, सकाळी वर येताना खांदे दुखतात. फरक पाच सेंटिमीटरच्या आत राहील अशी खाट शोधा, किंवा पायांखाली खोबण पाडलेले लाकडी ठोकळे द्या.

खाटेच्या अगदी कडेवर वजन आलं की ती उलटते. खुर्चीतून सरकताना पलीकडच्या कडेवर कुणीतरी बसलेलं हवं. सरकफळीचं, म्हणजे खुर्चीतून खाटेवर सरकायला लावायच्या फळीचं, एक टोक कापडावर टेकवू नका, ती धसते. खाटेच्या दांडीपलीकडे किमान एक वीत आत न्या. आणि झोपून बघा: आडवी दांडी माकडहाड किंवा टाचेखाली येते का? जिथे संवेदना नाही, तिथे ती दांडी रात्रभरात बेडसोअर करून ठेवेल आणि तुम्हाला कळणारही नाही.

खाटेखालून गार हवा फिरते, त्यामुळे नुसती स्लीपिंग बॅग पुरत नाही. वर आर-मूल्य (थंडी अडवण्याची क्षमता) 4 किंवा जास्त असलेली चटई घाला. बॅग शून्याच्या खालच्या ‘कम्फर्ट’ तापमानाची आणि पायापर्यंत चेन उघडणारी घ्या. ‘लिमिट’चा, म्हणजे कसाबसा तग धरता येईल त्या तापमानाचा, आकडा बघू नका. ज्यांचं शरीर दुखापतीमुळे स्वतःचं तापमान नीट सांभाळत नाही, त्यांना तो फसवतो.

तंबू किमान 3 बाय 3 मीटरचा, सरळ भिंतींचा, दार 90 सेंटिमीटर रुंद. खुर्ची वळायला दीड मीटर लागतं. उंबऱ्याची पट्टी खाली दाबून दोन खुंट्यांनी जमिनीला घट्ट करा आणि तिच्यावर रबरी पायपोस टाका. आतही चाकांच्या वाटेवर चटई अंथरा, नाहीतर खडी चिकटलेलं चाक तळाचं कापड पहिल्याच दिवशी फाडतं.

खुर्ची

हवेचं कुशन रोज संध्याकाळी तपासा. दुपारी उबदार गाडीत बरोबर भरलेलं कुशन रात्री गारठ्यात सैल पडतं, कारण हवा आकसते. बसून हात खाली घाला. बैठकीच्या हाडाखाली दीड ते अडीच सेंटिमीटर हवा हवी. विमानात उलटं होतं, ते फुगून टणक होतं. जेलचं कुशन तंबूबाहेर ठेवलं तर सकाळी दगड होतं.

पायटेकणीला पकडून बसणारं मोठं तिसरं चाक मिळतं. ते पुढची चाकं जमिनीपासून उचलून धरतं आणि खडीवर फार फरक पडतो. आपल्याकडच्या घडीच्या खुर्च्यांना ते जोडणीचा वेगळा तुकडा असल्याशिवाय बसत नाही. टायर हवेचे असतील तर दोन ट्यूब, पंप, टायर काढायच्या पट्ट्या घ्या. मोटरच्या खुर्चीचा चार्जर ‘100–240’ व्होल्टचा आहे ना, बघा, अमेरिकेत 120 व्होल्ट असतं. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करू नका. भारतातून येत असाल तर तिकिटाच्या वेळीच विमान कंपनीला बॅटरीचे वॉट-अवर (तिची क्षमता) कळवा.

डासांचं डीईईटी असलेलं औषध प्लास्टिक विरघळवतं. हाताला लावून हँडरिम (चाक ढकलायची कडी) धरलात तर तिच्यावरचा लेप चिकट होतो. पिकारिडिनवालं घ्या.

अस्वल

वास येणारं सगळं अस्वलांपासून सुरक्षित कपाटात किंवा बंद गाडीत: अन्न, साबण, टूथपेस्ट, ओल्या वाइप्स, मलमं. लोक एवढं करतात आणि सीटखालची पिशवी विसरतात. तिच्यात चिक्कीचा कागद किंवा चिवड्याचा चुरा असतो, आणि खुर्ची तर रात्री उशाशी तंबूतच. झोपायच्या आधी ती पिशवी उलटी करून झटका. वापरलेले कॅथेटर (लघवीच्या नळ्या), पॅड पिशवीत बांधून अस्वलरोधक कचरापेटीत टाका.

अस्वलाला पळवायचा तिखट स्प्रे विमानात नेता येत नाही, चेक-इन सामानातही नाही. अँकरेजलाच घ्या. खुर्चीच्या पाठीला लटकवलेला स्प्रे वेळेवर हाती लागत नाही, छातीवरच्या पट्ट्यात ठेवा. ‘पळू नका’ हा तिथला पहिला नियम, तो पाळणं निदान आपल्याला जड नाही.

रात्र आणि सकाळ

लघवीची बाटली किंवा रात्रीची मोठी पिशवी खाटेच्या खालच्या बाजूला, हात पोचेल तिथे. कॅथेटरचा साठा नेहमीच्या दीडपट घ्या आणि निम्मा दुसऱ्या बॅगेत ठेवा.

गरम पाण्याची पिशवी झोपण्याआधी स्लीपिंग बॅगेत ठेवून ऊब आणा आणि मग काढून टाका. पायाशी राहू देऊ नका, बधिर कातडी भाजते. शेकोटीपासून गुडघे हातभर मागे. पायटेकणी धातूची असेल तर ती तापलेली तुम्हाला जाणवणार नाही, हाताने चाचपत राहा. सकाळी कपडे चढवण्याआधी हातआरशात टाचा, घोटे, माकडहाड बघा. लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर त्या दिवशी बस रद्द करा आणि कुशीवर पडून राहा.

दिवस चांगला असेल तर 12 व्या मैलाजवळची माउंटन व्हिस्टा वाट घ्या. ती जेमतेम एक किलोमीटरची दाबलेल्या खडीची चक्कर आहे. सॅव्हेज नदीकाठच्या वाटेचा सुरुवातीचा टप्पाही जमतो, पुढे दगड लागतात. वाट सोडून टुंड्रावर उतरू नका. वरून गालिचा दिसतो, खाली गवताचे उंचवटे आणि पाणी असतं, आणि रुतलेली खुर्ची ओढायला दोन माणसं लागतात.