माजी सैनिक असलेल्या दुकानदाराची स्मरणिका कशी काढावी

फौजेतून पेन्शनवर येऊन गावात किराणा दुकान, पिठाची गिरणी किंवा सायकल दुरुस्ती चालवणारा माणूस सातारा-कोल्हापूरकडच्या कितीतरी गावांत आहे. तो गेल्यावर जी पुस्तिका निघते, तिच्यात बहुतेक वेळा 'प्रेमळ, कष्टाळू, दानशूर' एवढंच उरतं, आणि हे तीन शब्द कुणालाही लागू पडतात. त्याने काय दिलं, कधी दिलं, किती आणि कशा रीतीने दिलं, हे नीट लिहिलं की विशेषणं लागत नाहीत. वर्षश्राद्धाला पुस्तिका हवी असेल तर तेरावा झाल्यावर लगेच कागदांच्या मागे लागा. घर आवरायला काढलं की दुकानाच्या वह्या सगळ्यांत आधी रद्दीत जातात.

पहिला कागद डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळणारी सेवेची नोंदपुस्तिका. भरतीची आणि निवृत्तीची तारीख, पलटण, ट्रेड (फौजेतलं नेमून दिलेलं काम), शेवटचा हुद्दा, मिळालेली पदकं या सगळ्याची नोंद त्यात असते. गावाकडे कोणत्याही निवृत्त फौजीला 'मेजर' म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे हुद्दा गावाला विचारून लिहू नका. नाईक होता तर नाईक लिहा, आणि 'गाव त्यांना मेजर म्हणायचं' हे पुढे वेगळ्या वाक्यात येऊ द्या. ऑनररी कॅप्टन असेल तर 'ऑनररी' हा शब्द गाळू नका. डिस्चार्ज बुक हरवलं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा, किंवा घरच्या वारसाने त्या दलाच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करावा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं (फौजेतले इंजिनिअर) खडकीला. अर्जात आर्मी नंबर हवाच. तो पेन्शनच्या कागदावर सापडतो.

पदकांच्या बाबतीत चुका फार होतात. घरात 'संग्राम मेडल' सापडलं की सरळ '1971 च्या युद्धात आघाडीवर लढले' असं छापलं जातं. ते पदक त्या काळात सेवेत असलेल्या सर्वांना मिळालं होतं. पूर्व आघाडीच्या कारवाईसाठी 'पूर्वी स्टार' नावाचं पदक होतं, पश्चिमेच्या आघाडीसाठी 'पश्चिमी स्टार'. 1965 चंही तसंच: रक्षा मेडल सरसकट, समर सेवा स्टार प्रत्यक्ष रणक्षेत्रातल्यांना. सैन्य सेवा मेडलच्या फितीवर 'जम्मू-काश्मीर' किंवा 'हिमालय' अशी पट्टी असते, तिच्यावरून कुठल्या भागात नोकरी झाली ते कळतं. पदकाच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं. ते वाचायला टॉर्च आडवा धरा. चिंच, राख किंवा ब्रासो लावून पदक घासू नका. अक्षरं झिजतात ती परत येत नाहीत. सिग्नलवर (फौजेच्या संदेशवहनात) किंवा लंगरमध्ये (फौजेच्या स्वयंपाकघरात) काढलेली पंधरा वर्षंही तितक्याच मानाने लिहावीत. त्यांना लढाईचा मुलामा चढवला की जुने सोबती वाचतात आणि गप्प बसतात.

दुकान कधी सुरू झालं यावर घरात वाद होतोच. गुमास्ता परवाना, ग्रामपंचायतीचा दाखला, लक्ष्मीपूजनाला घातलेल्या पहिल्या वहीच्या पानावरची तारीख, यांतलं काही ना काही मिळतं. गिरणी असेल तर वीजबिलावर पुरवठा सुरू झाल्याची तारीख असते. वयस्कर माणसांना साल विचारलं की ती गोंधळतात. घटनेला जोडून विचारा. कोयनेच्या भूकंपाआधी (11 डिसेंबर 1967) की नंतर? 72 च्या दुष्काळात दुकान होतं का? किल्लारीच्या वेळी (30 सप्टेंबर 1993) गल्ल्यावर कोण बसायचं? असं विचारलं की दोन मिनिटांत साल हाती लागतं. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करायचं तर पंखा आणि टीव्ही बंद करा, फोन माणसापासून हातभर अंतरावर ठेवा आणि एका बैठकीत पाऊण तासाच्या वर ताणू नका.

आता उधारीची वही. माणसाचा हात किती सैल होता ते इथे दिसतं. मे-जूनमध्ये बियाणं-खताच्या तोंडावर वाढलेली उधारी, दिवाळीनंतर जमा, आणि मधूनच एखाद्या खात्यावर आडवी रेघ मारून 'जमा' न लिहिता बंद केलेली बाकी. अशी खाती वेगळी काढा आणि वर्षवार बेरीज करा. 'तीन वर्षांत इतक्या घरांची बाकी सोडली' हे एक वाक्य पानभर स्तुतीला भारी पडतं. पण त्या घरांची नावं कधीही छापू नका, आडनावाचं पहिलं अक्षरसुद्धा नको. वहीच्या पानाचा फोटो टाकायचा असेल तर नावांची ओळ कापून टाका. नुसती पुसट केलेली ओळ मोठी करून वाचता येते. ज्याला स्वतःहून सांगायचं आहे त्याच्याकडून त्याच्याच शब्दांत लिहून घ्या आणि छापण्याआधी मजकूर त्याला वाचून दाखवा. उपकार करणाऱ्याने जे झाकून ठेवलं, ते आपण उघडं करायचं नाही.

शाळेला, देवळाला, वाचनालयाला दिलेलं मात्र नावानिशी येऊ द्या. त्यासाठी पावती किंवा भिंतीवरची संगमरवरी पाटी बघा. 'शाळेला मदत केली' यापेक्षा 'पाण्याची टाकी आणि चार नळ दिले' असं लिहावं. आकडा नक्की नसेल तर वस्तू लिहा, रक्कम सोडा.

फोटोंना घाई चालत नाही. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट वरून फोटो घ्या. पासपोर्ट आकाराचे जुने कृष्णधवल फोटो 600 डीपीआयवर स्कॅन करा, म्हणजे छापताना दुप्पट मोठे करता येतात. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून मागवले तर बारीक होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनच्या कागदाचा फोटो पुस्तिकेत टाकू नका. त्यावरचे नंबर घेऊन मागे राहिलेल्या बाईच्या फॅमिली पेन्शनला कुणीही त्रास देऊ शकतो. मुखपृष्ठावर तिरंगा घेतलात तर त्यावर नाव किंवा अक्षरं छापू नका, ध्वजसंहितेत ते बसत नाही.

मधे पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात. ए-फाइव्ह आकाराची 16 पानं पुरतात, मजकूर अडीच ते तीन हजार शब्द. त्यात फौज एक तृतीयांश, दुकान आणि गाव निम्मं, बाकी फोटो. प्रेसमध्ये युनिकोड (मोबाइलवर टाइप होतो तो) मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलताना रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात: 'सातारा' नीट येतो, 'साताऱ्या'तला 'ऱ्या' तुटतो. म्हणून कागदावर प्रूफ मागा आणि घराबाहेरच्या दोघांना वाचायला द्या, एक पलटणीतला, एक रोजचं गिऱ्हाईक. पलटणीतला नावं-हुद्दे पकडतो, गिऱ्हाईक दुकानाच्या गोष्टी. 200 प्रती काढल्यात तर 20 बाजूला ठेवा: शाळा, तालुक्याचं वाचनालय, सैनिक कल्याण कार्यालय, लांबचे सोबती. युनिकोडची मूळ फाइल दोन ठिकाणी जपा, कारण पुस्तिका वाटली की 'आमच्याकडेही त्यांचं एक पत्र आहे' म्हणत माणसं यायला लागतात.