परदेशातील सशस्त्र अंगरक्षकाचे काम : पुण्यात राहून तयारी कशी करावी

दक्षिण कमांडचे मुख्यालय असलेल्या या शहरात फौजेतून पस्तिशी-चाळिशीत बाहेर पडलेला माणूस ‘इराकमध्ये बॉडीगार्डचे काम मिळेल का’ असे विचारत आला, तर त्याचे कोणाला नवल वाटत नाही. अलीकडे वर्दी कधीही न घातलेली तरुण मुलेही हाच प्रश्न घेऊन येतात. दोघांचाही पुढचा प्रश्न ठरलेला असतो : हत्यार कोणते देतात? या कामाच्या तयारीत हत्याराचा क्रमांक बराच खाली लागतो, आणि तो तसा का लागतो हे ध्यानात आल्याशिवाय एकाही कोर्सचे पैसे भरू नयेत.

प्रथम कामाचे खरे स्वरूप समजून घ्यावे. इराक व अफगाणिस्तानात भारतीय आणि नेपाळी माणसांना जे काम मिळाले ते बहुतांशी दूतावासाच्या किंवा छावणीच्या फाटकावरील पहाऱ्याचे होते. संरक्षित व्यक्तीबरोबर फिरणाऱ्या पथकांत भरणा असे तो मुख्यतः पाश्चात्त्य देशांच्या माजी सैनिकांचा. पगारात फरक असतो, पण धोक्यात तो असतोच असे नाही. २० जून २०१६ रोजी काबूलमध्ये कॅनडाच्या दूतावासाचे पहारेकरी ज्या मिनीबसने कामावर निघाले होते, तिच्यावर आत्मघाती हल्ला झाला आणि मृतांमध्ये नेपाळी पहारेकऱ्यांबरोबर दोन भारतीयही होते. म्हणून नोकरी देऊ करणाऱ्याला पगाराच्या आधी हे विचारावे की पहारेकऱ्यांची स्वतःची ने-आण कोणत्या गाडीतून होते, ती गाडी चिलखती आहे का आणि तिचा रस्ता व वेळ रोज बदलते का.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी ते सर्वांत आधी करावे. पासपोर्ट कार्यालयातून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढावे आणि आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्यावा, जो एक वर्ष चालतो. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली एजंटची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाकडे असावी लागते. ती ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर स्वतः तपासावी, एजंटने दाखवलेल्या रंगीत झेरॉक्सवर विसंबू नये. त्याचे सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी इतकेच असू शकते. लाखांची भाषा करणारा माणूस नोकरी देत नसून विकत असतो. ‘सिक्युरिटी हेल्पर’ म्हणून रशियाला नेलेल्या भारतीय तरुणांना युक्रेनच्या आघाडीवर उभे केल्याची प्रकरणे २०२४ मध्ये उघडकीस आली आणि सीबीआयला गुन्हे दाखल करावे लागले. कंत्राटात मालकाचे नाव, देश, कामाचा प्रकार आणि काम सोडण्याची अट या चारही गोष्टी आपल्याला वाचता येतील अशा भाषेत नसतील, तर सही करू नये.

हत्याराचा कायदा देशागणिक बदलतो आणि भारतातला शस्त्रपरवाना सीमेपलीकडे चालत नाही. ‘सीमन गार्ड ओहायो’ या जहाजाची गोष्ट त्यासाठी माहीत असावी. चाचेगिरीपासून व्यापारी जहाजांचे रक्षण करणाऱ्या या जहाजाला ऑक्टोबर २०१३ मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ अडवण्यात आले आणि हत्यारांच्या कागदपत्रांवरून त्यावरील ३५ जणांना अटक झाली. त्यांत माजी ब्रिटिश सैनिक होते तसे भारतीयही होते. जानेवारी २०१६ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, पण तोवर चार वर्षे निघून गेली होती. यातले बहुतेक लोक निशाणबाजीत कोणाला हार जाणारे नव्हते.

परदेशी प्रमाणपत्रांच्या जाहिरातीही याच सावधपणे वाचाव्यात. ब्रिटनच्या सिक्युरिटी इंडस्ट्री ऑथॉरिटीचा क्लोज प्रोटेक्शन (म्हणजे अंगरक्षकाचा) परवाना तीन वर्षांचा असतो, मात्र त्यासाठी ब्रिटनमध्ये काम करण्याचा हक्क असावा लागतो. नुसता कोर्स पूर्ण केल्याने परवाना हाती येत नाही. शिवाय १९९७ पासून तेथे खासगी व्यक्तीला पिस्तूल बाळगण्यास जवळजवळ पूर्ण बंदी असल्यामुळे तो अभ्यासक्रम मुळात नि:शस्त्र संरक्षणाचा आहे. दक्षिण आफ्रिकेत सुरक्षारक्षक म्हणून नोंदणीसाठी नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याची अट आहे. पंधरवड्यात ‘आंतरराष्ट्रीय लायसन्स’ देणारी संस्था नेमके काय देते, ते यावरून ताडता येईल.

आता प्रत्यक्ष प्रशिक्षण. खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्याखाली पहारेकऱ्यासाठी १०० तास वर्गातले आणि ६० तास मैदानावरचे असे प्रशिक्षण ठरवून दिलेले आहे. माजी सैनिकांसाठी ते बरेच कमी आहे. ते मनापासून करावे, मात्र तो पाया आहे एवढेच समजावे. त्यानंतर वेळ आणि पैसा सर्वांत आधी वैद्यकीय प्रशिक्षणावर खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे. मांडीची मुख्य धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो, आणि धोक्याच्या प्रदेशात रुग्णवाहिका तितक्या वेळात येत नसते. म्हणून क्रम अंगात मुरला पाहिजे : आधी जोराचा रक्तस्राव थांबवणे, मग श्वासमार्ग मोकळा करणे, मग छातीची जखम झाकणे, मग रक्ताभिसरण पाहणे आणि शेवटी अंग गार पडू न देणे. टूर्निकेट, म्हणजे रक्तस्राव थांबवण्यासाठी आवळायचा पट्टा, स्वतःच्या मांडीवर, अंधारात, एका हाताने बांधण्याचा सराव करावा. तो बांधल्याची वेळ लिहून ठेवावी, कारण पुढच्या डॉक्टरला पहिला प्रश्न तोच पडतो. सरावाचा टूर्निकेट वेगळा ठेवावा. वारंवार ताणलेला पट्टा खऱ्या प्रसंगी दगा देऊ शकतो. हे सगळे व्हिडिओ पाहून येत नाही, शिकवणारा समोर लागतो.

शरीराची तयारी करायला पुण्यासारखी सोय नाही. मऊ बुलेटप्रूफ जॅकेट पिस्तुलाची गोळी अडवते, रायफलच्या गोळीसाठी कडक प्लेटा लागतात आणि त्यांसह अंगावरचे ओझे दहा किलोच्या आसपास जाते. तेवढे वजन पाठीवर घेऊन आठवड्यातून एकदा सिंहगड चढावा. दंड किती फुगले यापेक्षा चढून गेल्यावर बोलताना धाप लागते का, ते पाहावे. वॉकीटॉकीवर धापा टाकणाऱ्याचे बोलणे कोणालाही समजत नाही.

कामाचा गाभा मात्र रेकी (जागेची व रस्त्याची आधीच केलेली पाहणी) आणि प्रवास यांत आहे, आणि त्याचे धडे याच शहराच्या इतिहासात आहेत. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून रँड गणेशखिंडीतून बग्गीने परत निघाला, तेव्हा समारंभाचे ठिकाण, परतीचा रस्ता आणि साधारण वेळ साऱ्या गावाला ठाऊक होती. चापेकर बंधूंविषयी आपल्याला आदर आहे आणि तो असावाच, पण अंगरक्षकाचे काम शिकणाऱ्याने ही घटना एकदा बग्गीच्या बाजूनेही वाचावी. दुसरा प्रसंग १० ऑगस्ट १९८६ चा. निवृत्त लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य बाजारातून घरी परतताना स्वतः गाडी चालवत होते. मोटारसायकलवरून आलेल्यांनी गाडीशेजारी येऊन गोळ्या झाडल्या. बरोबर पत्नी होत्या आणि अंगरक्षकही होता. ज्याचे रक्षण करायचे तोच गाडी चालवत असेल, मागे एस्कॉर्ट नसेल आणि शेजारी येणाऱ्या दुचाकीकडे पाहायला कोणी नेमलेले नसेल, तर अंगरक्षकाच्या कमरेचे पिस्तूल बाहेर येईपर्यंत सर्व संपलेले असते.

म्हणून सराव असा करावा. शिवाजीनगरहून लोहगाव विमानतळाला जाण्याचे तीन रस्ते कागदावर काढावेत : एक संगम पुलावरून बंडगार्डन आणि येरवड्याकडून, एक खडकीकडून होळकर पुलाने विश्रांतवाडीकडून, आणि तिसरा आपण शोधावा. प्रत्येक रस्त्यावर गाडी हमखास मंदावते त्या जागा, जिथून मागे वळता येत नाही त्या जागा, वाटेतली रुग्णालये आणि पोलीस चौक्या नोंदवाव्यात, आणि सकाळी, दुपारी व रात्री जाऊन वेळ मोजावी. पूल टाळता येत नाहीत हे लगेच कळेल. धोका तेथेच साठतो. घर आणि कार्यालय यांच्या दाराशी तो त्याहूनही जास्त असतो, कारण रस्ता कितीही बदलला तरी दार बदलत नाही. छायाचित्रे मात्र काढू नयेत. विमानतळ हवाई दलाचा आहे, वाटेत लष्करी हद्द लागते, आणि वहीत नकाशे काढणाऱ्या माणसाची चौकशी होणे स्वाभाविक आहे. महिनाभरात असे दहा मार्ग झाले की गाडीत मागे बसलेल्या माणसाला न सांगता रस्ता बदलण्याइतकी तयारी होते.

गाडीत चढणे-उतरणे, गर्दीतून व्यक्तीला बाहेर काढणे आणि हल्ला झाल्यास तिला झाकून दूर नेणे यांचा सराव चौघांनी मिळून करावा. उलटून लढत बसणे हे अंगरक्षकाचे काम नव्हे, आणि फौजेत शत्रूवर चालून जाण्याची सवय लागलेल्या माणसाला हे गळी उतरवायला फार वेळ लागतो.

गोळीबाराचे प्रशिक्षण शेवटी घ्यावे, आणि ते जेथे कायद्याने चालते तेथेच घ्यावे. बालेवाडीच्या क्रीडासंकुलातील रेंजवर नेमबाजीची शिस्त लागते, पण ती क्रीडा आहे. कोर्स निवडताना एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी, प्रत्यक्ष किती फैरी आणि ‘गोळी कधी झाडायची नाही’ यावर किती तास, हे विचारावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर टाळणाऱ्याकडे जाऊ नये. १६ सप्टेंबर २००७ रोजी बगदादच्या निसूर चौकात खासगी अमेरिकी पथकाच्या गोळीबारात १७ इराकी नागरिक मेले आणि त्या पथकातील काही जणांवर अमेरिकेत खटला चालला. पुढे २०१० मध्ये खासगी सुरक्षा कंपन्यांसाठी आंतरराष्ट्रीय आचारसंहिता तयार झाली आणि ती पाळली जाते का हे पाहणारी संघटना २०१३ पासून जिनिव्हात आहे. आपली भावी कंपनी तिची सदस्य आहे का, हे संघटनेच्या यादीत पाहता येते.

विमा अखेरचा, पण निघण्यापूर्वीच पाहायचा. युद्ध आणि दहशतवाद वगळणारे कलम पॉलिसीत असेल तर ती या कामासाठी निरुपयोगी आहे. अमेरिकी सरकारच्या कंत्राटावर काम असेल तर १९४१ च्या डिफेन्स बेस कायद्याखालील भरपाई परदेशी कामगारांनाही लागू होते. अनेक कुटुंबांना हे ठाऊकच नसते. कंत्राट, विमा, पासपोर्ट आणि कंपनीतील जबाबदार माणसाचा फोन यांची एक प्रत घरी ठेवावी, आणि घरच्या एका माणसाला ती उघडून, बसवून समजावून सांगावी.