दिवाळीनंतर साठलेले मिठाईचे डबे कसे लावायचे

इंदूरला रामबागेत आमचं किराण्याचं दुकान आहे. गोळ्या, जेली, पाकिटातले केक, सोनपापडी, सगळा माल सियागंजच्या घाऊक बाजारातून येतो. दिवाळी उलटली की ओळखीच्या बायका हमखास विचारतात, "वहिनी, घरात इतके डबे आलेत, कुठला ठेवू नि कुठला काढू?" सगळ्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

आधी एक गैरसमज काढून टाका. पाकिटातली मिठाई सहा महिने टिकते म्हणजे तिच्यात काहीतरी जहाल घातलंय, असं नसतं. अन्न नासतं जिवाणू आणि बुरशीमुळे, आणि त्यांना वाढायला मोकळं पाणी लागतं. साखर ते पाणी धरून ठेवते, त्यांच्या हाती लागू देत नाही. ह्या मोकळ्या पाण्याचं मापही आहे, वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी. शुद्ध पाण्याची 1 धरतात. ती 0.85 च्या खाली गेली की आजार करणारे जिवाणू वाढत नाहीत, आणि 0.6 च्या खाली बुरशीसुद्धा धरत नाही. लेमनच्या गोळीचा पाक 150 अंशांच्या आसपास आटवलेला असतो, त्यात पाणी जेमतेम दोन-तीन टक्के उरतं. ती नासणार कशी? पावसाळ्यात बरणी उघडी राहिली तर गोळ्या ओल ओढून घेतात, चिकटतात, एवढंच.

तर आता डबे लावायला घ्या. खव्याचं, छेन्याचं, दुधाचं जे काही असेल ते बाजूला काढा आणि दोन-चार दिवसांत संपवा. 1 ऑक्टोबर 2020 पासून सुट्या मिठाईच्या ट्रेपाशी 'बेस्ट बिफोर' तारीख लावणं दुकानदाराला बंधनकारक आहे, पण भेट आलेल्या डब्यावर ती बहुधा नसते. देणाऱ्यालाच विचारा, कधी आणलीत? त्यात लाजायचं काही नाही. बर्फीवर बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच खरवडून बाकीची खाऊ नका. मऊ पदार्थात तिचे धागे आतपर्यंत गेलेले असतात. टिनमधले रसगुल्ले हवाबंद करून उष्णता दिलेले असतात, म्हणून ते टिकतात. टिन फोडला की ते साधे रसगुल्ले: काचेच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा. टिन फुगलेला असेल तर न उघडता टाकून द्या.

सोनपापडी मात्र नीट तपासून घ्यावी लागते. तिच्यात पाणी नसल्यासारखंच, त्यामुळे ती नासत नाही, पण खवट होते. एक वडी बोटांनी मोडा. धागे सुटे होऊन कोरडा चुरा पडला तर ओल लागलेली नाही. धागे दबून चिकटले असतील, वडी चिवट लागत असेल, तर पाकिटात हवा शिरली आहे. मग चिमूटभर चुरा तळहातावर घ्या, अंगठ्याने चोळा आणि ऊब आली की हुंगा. भाजलेलं बेसन आणि वेलची आली तर खुशाल खा. तेलरंगाच्या डब्यासारखा उग्र वास आला तर तारीख शिल्लक असली तरी ती गेली. स्वस्त सोनपापडीत वनस्पती तूप नाहीतर पाम तेल असतं. ते हवेने सावकाश खराब होतं, म्हणून ती इतकी टिकते. अक्रोड-शेंगदाण्याची चिक्की त्या मानाने लवकर खवट होते, ती आधी खा.

मला खरं नवल वाटतं ते पाकिटातल्या क्रीमच्या केकचं. घरचा केक चार-पाच दिवसांत बुरशी धरतो, हा महिनोन्महिने मऊ. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा, तिथे घातलेल्या पदार्थांचे क्रमांक असतात. 422 म्हणजे ग्लिसरॉल, 420 म्हणजे सॉर्बिटॉल. दोन्ही पाणी धरून ठेवतात, म्हणून केक मऊ राहूनही बुरशीला पाणी मिळत नाही. 202 म्हणजे पोटॅशियम सॉर्बेट, ते बुरशीला रोखतं. क्रीम म्हणतात ते बहुतेक वेळा साखर आणि वनस्पती तेलाचं असतं, साय त्यात नसते. हे आकडे बघून घाबरू नका, परवानगी असलेलेच घटक आहेत. बघायचं ते घटकांच्या यादीत पहिलं काय आलंय, कारण यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. साखर, मैदा, तेल पुढे असतील तर रोजच्या डब्यात हे देऊ नका. तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला वाईट असलेल्या चरबीवर, 2022 पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली, ते चांगलंच झालं, पण त्याने साखर कमी होत नाही.

डबा पुढे कुणाला द्यायचा असेल तर निम्मी मुदत शिल्लक असतानाच द्या. कामाच्या मावशींना मुदत संपलेला डबा देणारी घरं मी पाहिली आहेत. त्यांच्या घरीही लहान मुलं असतात. त्यांना द्यायचा डबा आलेल्या दिवशीच बाजूला काढा आणि वर तारीख पेनने ठळक लिहा, म्हणजे त्यांनाही कधीपर्यंत खायचा ते कळेल.