इन्व्हेस्टमेंट बँकेतली इंटर्नशिप: काम नेमकं काय असतं आणि तयारी कशाची करायची

कॉलेजमधल्या ज्युनिअर्सचे मेसेज येत असतात की इंटर्नशिपला काय काय विचारतात, किती वेळ बसवतात, फायनान्स नीट येत नसेल तर चालतं का. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते.

पहिली गोष्ट, अर्ज भरायच्या आधी कुठला विभाग ते ठरवा. बँक एकच असली तरी आतली कामं पार वेगळी असतात. मी एम अँड ए टीममध्ये होते, म्हणजे एखादी कंपनी दुसरी कंपनी विकत घेत असेल किंवा मालकाला स्वतःची कंपनी विकायची असेल तर किंमत किती धरायची, घेणारे कोण असू शकतात, व्यवहार कसा बसवायचा याचा सल्ला देणं. कॅपिटल मार्केट्सवाले आयपीओ आणि बाँड बघतात, ट्रेडिंगवाले बाजारात खरेदी-विक्री करतात, रिसर्चवाले कंपन्यांवर रिपोर्ट लिहितात, आणि ऑपरेशन्सवाले झालेला सौदा तपासून पैसे आणि शेअर वेळेवर इकडून तिकडे पोचवतात (ते अडकले तर सगळंच अडकतं, त्या कामाला कमी समजू नका). 'मला फायनान्सची आवड आहे' एवढ्यावर मुलाखत पुढे जात नाही, याच विभागात का हे विचारतातच.

मुलाखतीत टेक्निकल भागात बहुतेकांना विचारला जाणारा प्रश्न म्हणजे डेप्रिसिएशन (मशीन, इमारतींसारख्या मालमत्तेची दरवर्षी खर्चात धरलेली घट) १० ने वाढलं तर नफा-तोटा, कॅश फ्लो आणि बॅलन्स शीट या तिन्ही स्टेटमेंट्सवर काय होईल. पाठ करू नका, कागदावर करून बघा. टॅक्स २५ टक्के धरला तर नफा ७.५ ने कमी होतो, कॅश फ्लोमध्ये ते १० परत मिळवायचे कारण प्रत्यक्ष पैसा गेलेला नाही, म्हणजे कॅश २.५ ने वाढली, बॅलन्स शीटवर मालमत्ता १० ने घटली आणि कॅश २.५ ने वाढली म्हणून एक बाजू ७.५ ने कमी, आणि दुसरीकडे शिल्लक नफा ७.५ ने कमी, झाला बॅलन्स. हे ज्याला स्वतःच्या शब्दात सांगता येतं त्याला इंजिनिअरिंगचा आहे की कॉमर्सचा हे कोणी फार विचारत नाही. आमच्या बॅचमध्ये अजिबात फायनान्स न शिकलेले होते आणि त्यांचं छान चाललं.

आता काम. इंटर्नच्या हातात सगळ्यात आधी येतात ते कॉम्प्स, म्हणजे ज्या कंपनीची किंमत काढायचीय तिच्यासारख्या लिस्टेड कंपन्या घ्यायच्या आणि बाजार त्यांना कमाईच्या किती पट देतोय ते बघायचं. समजा शेअर १०० ला आहे आणि १० कोटी शेअर आहेत, तर मार्केट कॅप १००० कोटी. पण कंपनी आख्खी घेणाऱ्याच्या गळ्यात कर्जही पडतं, म्हणून ४०० कोटी कर्ज मिळवा, हातातली १०० कोटी कॅश वजा करा, एंटरप्राइझ व्हॅल्यू झाली १३००. एबिटडा, म्हणजे व्याज, टॅक्स आणि डेप्रिसिएशनसारखे खर्च वजा करण्याआधीची कमाई, १३० असेल तर १० पट. ऐकायला एवढं सोपं आहे, तरी यावर मी कित्येक संध्याकाळी घालवल्या, कारण खरी मेहनत त्या चार आकड्यांच्या आत असते. शेअर १० कोटीच आहेत का? कर्मचाऱ्यांना दिलेले १ कोटी ऑप्शन्स (ठरलेल्या भावाने शेअर घ्यायचा हक्क) ६० च्या भावाने असतील तर ते वापरले गेल्यावर कंपनीकडे ६० कोटी येतील, त्यातून बाजारभावाने ६० लाख शेअर परत घेता येतील असं धरतात, म्हणजे निव्वळ ४० लाख शेअर वाढले आणि तुमचं मार्केट कॅप १०४० झालं. हे ऑप्शन्स वार्षिक अहवालात मागे कुठेतरी नोट्समध्ये असतात, पहिल्या पानांवर कोणी लिहून ठेवत नाही.

त्याहून किचकट म्हणजे भाडं. आयएफआरएस १६ हा आंतरराष्ट्रीय अकाउंटिंगचा नियम २०१९ पासून लागू झाला आणि तेव्हापासून दुकानं, ऑफिसं, विमानं भाड्याने घेणाऱ्या कंपन्यांचं बहुतेक भाडं डेप्रिसिएशन आणि व्याजात गेलं, म्हणजे एबिटडा फुगला आणि भाड्याचं देणं बॅलन्स शीटवर आलं. अमेरिकन नियमांत मात्र ऑपरेटिंग लीजचं (साध्या भाडेकराराचं) देणं बॅलन्स शीटवर दिसत असलं तरी भाडं खर्चातच राहतं. अशा दोन कंपन्या शेजारी शेजारी ठेवून पट काढलीत तर तुलना चुकीचीच येणार, मग दोन्ही एका पद्धतीवर आणायच्या, एबिटडा भाड्याच्या आधीचा घेतलात तर देणंही कर्जात धरायचं. हे मला आमच्या असोसिएटने, म्हणजे टीममधल्या माझ्या वरच्या पदावरच्या व्यक्तीने, शांतपणे बसून समजावलं आणि त्या दिवसापासून अकाउंटिंगच्या नोट्स वाचायला मला मनापासून आवडायला लागलं.

आणि मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हेच. तिथे तुम्हाला दिवसभर एक प्रश्न ऐकू येतो, "हा आकडा कुठून आला?" प्रत्येक आकड्याच्या मागे अहवालाचं पान, तारीख, कुठलं वर्ष धरलं, सगळं बॅकअपमध्ये, म्हणजे आधाराच्या फाइलमध्ये, पाहिजे. मॉडेलमध्ये हाताने टाकलेला आकडा निळा आणि फॉर्म्युला काळा ठेवायची पद्धत असते ती त्याचसाठी, दुसऱ्याने फाइल उघडली की कुठे काय गृहीत धरलंय ते लगेच दिसावं. एक्सेलचे शॉर्टकट येतील हळूहळू, त्याचं टेन्शन घेऊ नका, माग ठेवायची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा.

डीसीएफमध्ये, म्हणजे पुढच्या वर्षांत येणारी कॅश आजच्या किमतीत आणून कंपनीची किंमत काढायच्या पद्धतीत, तर हे फारच जाणवतं. शेवटच्या वर्षाचा कॅश फ्लो १००, वाढ ३ टक्के आणि डिस्काउंट रेट (ज्या दराने पुढचा पैसा आजच्या किमतीत आणतात तो) १० टक्के धरला तर टर्मिनल व्हॅल्यू, म्हणजे त्यानंतरच्या सगळ्या वर्षांची मिळून किंमत, साधारण १४७१ येते, रेट ९ केला की १७१७. एका टक्क्याने किंमत एवढी हलते, म्हणून क्लायंटला एक आकडा न देता रेंज देतात, आणि तो रेट का धरला हे सांगता आलं पाहिजे.

वेळेबद्दल खोटं सांगणार नाही, उशीर होतो, बऱ्याचदा खूप होतो. सीनिअर लोक दिवसभर मीटिंगमध्ये, संध्याकाळी येऊन प्रेझेंटेशनवर कमेंट्स देतात, मग तुमचं काम तेव्हा सुरू होतं. दुपारी रिकामा वेळ असतो तेव्हाच बॅकअप आवरून ठेवा, जेवा, जमलं तर जरा बाहेर चक्कर मारून या. झोप सलग कमी पडत असेल तर असोसिएटला स्पष्ट सांगा. गप्प राहून आजारी पडणं कोणाच्याच फायद्याचं नाही आणि थकलेल्या डोळ्यांना चुका दिसत नाहीत.

गुप्तता हा विषय ट्रेनिंगमध्ये लवकर उरकतात पण तो सगळ्यात गंभीर आहे. डीलला कोडनेम असतं, लिफ्टमध्ये क्लायंटचं नाव काढायचं नाही, प्रिंट टेबलावर सोडायचं नाही. आमच्यात आणि ट्रेडिंगमध्ये माहितीची देवाणघेवाण बंद असते कारण जाहीर न झालेली बातमी वापरून शेअर घेणं गुन्हा आहे, आणि स्वतःचे शेअर घ्यायला-विकायलाही आधी परवानगी लागते. घरचे, मित्र प्रेमाने विचारतात काय चाललंय, कुठला शेअर घेऊ, त्यांना पहिल्याच वेळी सांगून टाका की मी कामाबद्दल बोलू शकत नाही. एकदा सांगितलं की परत विचारत नाहीत.

मधल्या रिव्ह्यूची वाट बघत बसू नका, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच विचारा की माझ्या कामात काय सुधारू, शेवटी कळून उपयोग नसतो कारण जॉबची ऑफर द्यायची की नाही याचं मत तोवर बरंचसं बनलेलं असतं. आणि नंतर रेझ्युमे लिहिताना जाहीर न झालेल्या डीलचं नाव टाकू नका, 'ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपनीच्या विक्रीवर काम केलं, कॉम्प्स आणि ऑप्शन्सचा हिशोब माझ्याकडे होता' एवढं पुरतं. पुढचा मुलाखत घेणारा तुम्ही तिथे नेमका कुठला भाग केलात तेच खोदून विचारणार आहे.