स्कॉट्स शब्दांची निरनिराळी स्पेलिंगे जुळवताना: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

स्कॉट्स ही स्कॉटलंडच्या सखल प्रदेशात, ईशान्य किनाऱ्यावर आणि उत्तरेकडील बेटांवर बोलली जाणारी, इंग्रजीच्या अगदी जवळच्या नात्यातली भाषा. तिला सर्वमान्य शुद्धलेखन कधी लाभले नाही. त्यामुळे एकच शब्द पंधराव्या शतकातील हस्तलिखितात एका, तर आजच्या ॲबर्डीनच्या लेखकाकडे अगदी वेगळ्या स्पेलिंगने भेटतो. ही सारी रूपे एकाच शब्दाची आहेत हे संगणकाला ओळखायला लावणे हा माझ्या पदव्युत्तर अभ्यासाचा विषय होता. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद न पाळणारे मोडी कागद ज्यांनी वाचले आहेत, त्यांना या अडचणीचे स्वरूप फारसे समजावून सांगावे लागणार नाही.

नवखा विद्यार्थी बहुधा लेव्हेन्श्टाइन अंतरापासून सुरुवात करतो. 1965 साली मांडलेल्या या पद्धतीत एका शब्दाचा दुसरा शब्द करताना एक अक्षर घालणे, गाळणे किंवा बदलणे यांपैकी प्रत्येक कृतीची किंमत एक धरतात. आता जुन्या स्कॉट्समधील ‘व्हॉट’ घ्या. त्याचे एक नेहमीचे स्पेलिंग आहे क्यू-यू-एच-ए-टी. तेथून आजच्या डब्ल्यू-एच-ए-टीपर्यंत जायला क्यू गाळावा लागतो आणि यूच्या जागी डब्ल्यू घालावा लागतो, म्हणजे अंतर दोन. परंतु त्याच काळातील ‘व्हेन’, म्हणजे क्यू-यू-एच-ई-एन, हाही क्यू-यू-एच-ए-टीपासून दोनच पावलांवर आहे. ‘चांगला’ या अर्थाच्या शब्दाची स्थिती याहून वाईट आहे. जी-यू-आय-डी आणि जी-यू-डी-ई ही त्याची दोन प्रचलित रूपे असून त्यांच्यात अंतर दोन पडते, तर पहिल्या रूपापासून ‘गाइड’ हा निराळाच शब्द एका ई-च्या अंतरावर आहे.

यावर उपाय म्हणून कोणीतरी साउंडेक्स सुचवतोच. 1918 साली पेटंट मिळालेली ही पद्धत पहिले अक्षर तसेच ठेवते, स्वर सोडून देते आणि पुढील व्यंजनांना गटवार अंक देते. ‘चांगला’ची वरील दोन्ही रूपे, तसेच ईशान्येकडील जी-डब्ल्यू-ई-ई-डी हे रूपही, तिच्यामुळे जी-300 या एकाच संकेतात येतात. मात्र डी आणि टी एकाच गटात असल्याने रस्ता या अर्थाचा ‘गेट’ आणि बकरीचा ‘गोट’ही तेथेच येऊन बसतात. उलट क्यू आणि डब्ल्यू यांनी सुरू होणारे ‘व्हॉट’ तिला कधीच एकत्र आणता येत नाहीत.

माझ्या मते अल्गोरिदम निवडण्याआधी या भाषेच्या लेखनाच्या सवयी शिकून घ्याव्यात आणि त्या किमतींच्या रूपाने अल्गोरिदमला सांगाव्यात. क्यू-यू-एचऐवजी डब्ल्यू-एच ही एकच आणि जवळजवळ फुकट अदलाबदल धरावी. आय आणि वाय, यू, व्ही आणि डब्ल्यू, सी-एच आणि जी-एच, शेवटचे आय-टी आणि ई-डी यांनाही तशीच सवलत द्यावी. काही सवलतींना मात्र अटी हव्यात. योख हे य-सारख्या उच्चाराचेही जुने अक्षर छापखान्यांनी झेडने छापले. ‘मिंगिस’ असा पारंपरिक उच्चार असलेल्या आडनावात झेड आढळतो तो त्यामुळेच. पण प्रत्येक झेड असा योखचा नसतो, म्हणून झेडच्या जागी वाय ही अदलाबदल सरसकट लावू नये. ईशान्येकडे ‘व्हॉट’ला ‘फिट’ म्हणतात, पण ‘फिट’ म्हणजे पाऊलही होते. मजकूर ग्लासगोचा आहे की ॲबर्डीनचा ही नोंद सोबत नसेल तर येथे तर्क चालत नाही, आणि ॲबर्डीनचा असला तरी शेजारचे शब्द पाहावेच लागतात.

किमती ठरवण्यासाठी लागणाऱ्या, एकाच शब्दाच्या दोन रूपांच्या जोड्या शोधत हिंडण्याची गरज नाही. 1700 पर्यंतच्या भाषेचा बारा खंडी कोश 2002 साली पूर्ण झाला, त्यापुढच्या काळाचा दहा खंडी कोश 1976 सालीच झाला होता, आणि 2004 पासून दोन्ही एकत्र ऑनलाइन आहेत. त्यांतील नोंदींत शीर्षशब्दाखाली त्याची रूपे दिलेली असतात. मात्र संगणकाला शिकवण्याच्या आणि त्याची चाचणी घेण्याच्या जोड्या वेगळ्या करताना शीर्षशब्दानुसार वाटणी करावी. एकाच शब्दाची काही रूपे इकडे आणि काही तिकडे गेली, तर निकाल उगाचच देखणे दिसतात आणि अनोळखी शब्द समोर येताच कोसळतात.

दोन-तीन अक्षरांच्या शब्दांवर मात्र अंतर मोजण्यात वेळ घालवू नये. तेथे एका अक्षराच्या बदलाने शब्दच पालटतो. शिवाय मजकुराचा मोठा हिस्सा अशाच मोजक्या शब्दांचा असतो. त्यांची यादी कोश उघडून हाताने करावी आणि ती अल्गोरिदमच्या आधी लावावी.